फणा एक, नाग अनेक

मराठी घरात वाढणाऱ्या मुलाला जिवंत साप दिसण्याच्या कितीतरी आधी फणा दिसलेला असतो. नागपंचमीला पाटावर चंदनाने काढलेला नाग, शंकराच्या गळ्यातला नाग, शेषशायी विष्णूच्या माथ्यावरची फण्यांची सावली, पिंपळाच्या पारावर शेंदूर लावून मांडलेल्या नागशिळा. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्याबाहेर नागराजा आपल्या राणीसह ऐसपैस बसला आहे, आणि वेरूळच्या जैन लेण्यांत पार्श्वनाथांच्या डोक्यावर नागफण्यांचे छत्र आहे. वाघाची पूजा करणारी गावे थोडी असतील. नागाची पूजा न करणारे गाव शोधावे लागेल.

या दाट ओळखीनेच एक घोटाळा करून ठेवला आहे. फणा दिसला की आपण 'नाग' म्हणतो आणि पुढचे पाहणे थांबवतो. कोणता नाग, कुठला नाग, तो फणा का काढून उभा आहे, त्याचे विष अंगात काय करते, हे प्रश्न मग पडतच नाहीत. उलट बाजूने, फणा दिसला नाही की तो नाग नव्हेच असे धरून चालतो. पहिल्या सवयीने आपले ज्ञान तोकडे राहिले आणि दुसरीने माणसे मेली आहेत. फणाधारी सापांवरचे हे पुस्तक लिहिताना या दोन्ही सवयी डोळ्यांसमोर होत्या. म्हणून सुरुवात फण्यापासूनच करू.

फणा हा काही नागाच्या अंगाचा कायमचा आकार नाही. विसाव्यात असलेल्या किंवा बिळाकडे निघालेल्या नागाची मान इतर सापांसारखीच निमुळती दिसते. त्याच्या मानेतल्या बरगड्या मात्र लांब आणि कमी वाकलेल्या असतात. साप बिथरला की स्नायू त्या बरगड्या बाजूला उचलतात आणि छत्रीच्या काड्यांवर कापड ताणावे तशी वरची कातडी ताणली जाते. खवले एकमेकांपासून दूर सरकतात, मधली कातडी उघडी पडते, आणि एरवी मिटून गेलेली खूण ठळक होते. आपल्याकडे या खुणेला 'दहाचा आकडा' म्हणतात, पण तो प्रत्येक नागावर असतोच असे नाही. कुणावर तो लख्ख पांढरा असतो, कुणावर पुसट, आणि कुणावर मुळीच नसतो. गुजरात-राजस्थानकडे बिनखुणेचे काळे नाग पुष्कळ सापडतात. रंगही गव्हाळ, तपकिरी, करडा, काळा असा कसाही असू शकतो. आकडा नाही म्हणून नाग नाही, हा तर्क म्हणूनच धोक्याचा आहे.

दुसऱ्या बाजूला पाणदिवडीसारखा बिनविषारी सापही चिडला की मान चपटी करतो, आणि घाबरलेल्या माणसाला तेवढ्यात नाग दिसतो. धामण तर रंगाने आणि लांबीने नागाच्या इतकी जवळ जाते की 'धामण ही नागाची मादी' अशी समजूत गावोगाव आहे. ती चूक आहे. नागाची मादी नागच असते, तिलाही फणा असतो आणि तितकेच विषही असते. मेलेल्या नागाची खात्रीची खूण खवल्यांत सापडते. वरच्या ओठाचा तिसरा खवला मोठा असतो आणि एका बाजूने नाकपुडीच्या खवल्याला, दुसऱ्या बाजूने डोळ्याला टेकतो. जिवंत सापाजवळ जाऊन ती खूण पाहण्याच्या भानगडीत मात्र कुणी पडू नये.

मग फणा कशासाठी? नागाच्या दृष्टीने विष ही शिकारीची पुंजी आहे. उंदीर, बेडूक, पाली, पक्ष्यांची अंडी, इतर साप हे त्याचे खाणे. माणूस त्याला गिळता येत नाही, त्यामुळे माणसावर विष खर्चणे हा त्याचा तोटाच. म्हणून आधी तो पळतो. पळायला वाट नसेल तर शरीराचा पुढचा भाग उचलतो, फणा पसरतो, जोराने फुत्कारतो. एवढ्याने भागले नाही तर पुष्कळदा मिटल्या तोंडानेच धडक देतो. चावा ही सगळ्यात शेवटची पायरी. उभ्या नागाचा वार साधारण उचललेल्या शरीराच्या टप्प्यापर्यंतच पोचतो, आणि घोणसीच्या वारापेक्षा तो हळू असतो. फणा म्हणजे आक्रमणाची सुरुवात नव्हे. आक्रमण टाळण्यासाठी केलेला तो खटाटोप आहे. नागाचे जे छायाचित्र आपल्याला सुंदर वाटते, ज्यात तो ताठ उभा राहून थेट आपल्याकडे पाहतो, ते घाबरलेल्या प्राण्याचे छायाचित्र असते. या पुस्तकातल्या चित्रांत पसरलेल्या फण्याइतकीच जागा फणा मिटलेल्या नागाला दिली आहे, त्याचे कारण हेच.

आता फण्यामागचे नाग. भारतात 'नाजा' या प्रजातिगटाचे चार नाग आहेत. आपल्या ओळखीचा, दहाच्या आकड्याचा, तो नाजा नाजा. कार्ल लिनियसने त्याची शास्त्रीय नोंद १७५८ मध्ये केली. बंगाल, आसाम आणि त्यापुढे थायलंडपर्यंत नाजा काउथिया आढळतो. त्याच्या फण्यावर आकड्याऐवजी एकच वाटोळे कडे असते. वायव्येकडच्या डोंगराळ मुलखात नाजा ऑक्सियाना आहे. मोठा झाल्यावर त्याच्या फण्यावर खूणच उरत नाही, आणि त्याची खरी वस्ती अफगाणिस्तान-इराणच्या बाजूला आहे. चौथा अंदमानचा, नाजा सॅजिटिफेरा. महाराष्ट्रात भेटणारा नाग यांतला पहिला.

नागराज, ज्याला आपण किंग कोब्रा म्हणतो, तो या चौघांत मोडत नाही. फणा त्यालाही आहे, पण तो अरुंद आणि लांबट. त्याचा गट वेगळा, नाव ऑफिओफॅगस, म्हणजे सापखाऊ. धामणी, अजगराची पिल्ले आणि खुद्द नागही त्याच्या आहारात येतात. जगातल्या विषारी सापांत सगळ्यात लांब हाच. तो अठरा फुटांपर्यंत वाढू शकतो. त्याची मादी पालापाचोळा अंगाच्या वेटोळ्याने ओढून त्याचा ढीग रचते, त्यात अंडी घालते आणि त्यावर पहारा देते. अशा रीतीने घरटे बांधणारा दुसरा साप माहीत नाही. कर्नाटकातल्या आगुंबेच्या पावसाळी रानात रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ मध्ये उभारलेल्या केंद्रामुळे त्याच्याविषयी पुष्कळ कळले. तरीही भारतापासून फिलिपाईन्सपर्यंतचा नागराज एकच, असे २०२४ पर्यंत धरले जात होते. त्या वर्षी पी. गौरी शंकर आणि सहकाऱ्यांनी त्याच्या चार जाती वेगळ्या केल्या. पश्चिम घाटातल्या जातीला नाव मिळाले ऑफिओफॅगस कालिंगा. कन्नड माणूस त्याला पिढ्यान्‌पिढ्या 'काळिंग सर्प' म्हणत आला, ते नाव आता शास्त्रात गेले. गोव्याच्या जंगलांत आणि त्यांना लागून असलेल्या तिळारी-दोडामार्गच्या पट्ट्यात जो नागराज आढळतो, त्याला पाहताना हा तपशील लक्षात ठेवावा. त्याचे राज्य फक्त घाटाचे आहे, आणि घाटातले रान गेले तर दुसरीकडून आणून त्याची जागा भरता येणार नाही.

भारताबाहेर गेले की फण्याचा पसारा आणखी वाढतो. आफ्रिकेत नागांच्या जाती आशियाइतक्याच विविध आहेत. इजिप्तच्या राजांच्या मुकुटावर जो नाग उभा असतो तो नाजा हाजे. तुतनखामनच्या सोनेरी मुखवट्यावर कपाळाशी गिधाडाशेजारी तोच आहे. देवीचे रूप, राजाचा राखणदार, शत्रूवर आग ओकणारा, असे त्याचे महत्त्व नाईलच्या काठी होते. त्याच्या फण्यावर आकडा नाही, कडे नाही. कांगोच्या खोऱ्यात आणि टांगानिका सरोवरात पाण्यात राहून मासे खाणारे नाग आहेत. दक्षिण आफ्रिकेत रिंखाल्स नावाचा फणाधारी साप आहे. तो नाजा गटातला नाही, त्याचे खवले खरखरीत असतात, तो अंडी न घालता पिल्लांना जन्म देतो, विष थुंकतो, आणि काहीच उपाय चालला नाही तर उताणा पडून तोंड वासून मेल्याचे सोंग घेतो.

थुंकणाऱ्या नागांसाठी या पुस्तकात एक आख्खे प्रकरण आहे, कारण फण्याविषयीचा आपला मुख्य मुद्दा त्यांच्यात सगळ्यात स्पष्ट दिसतो. या नागांच्या विषदाताचे छिद्र पुढच्या बाजूला उघडते, त्यामुळे विषाची पिचकारी समोर उडते. ती दोन मीटरपर्यंत सहज जाते आणि नेम चेहऱ्यावर, डोळ्यांवर असतो. ही युक्ती एकदाच जन्मली आणि पसरली असे नाही. आफ्रिकेतले नाग, आग्नेय आशियातले नाग आणि रिंखाल्स अशा तीन शाखांत ती स्वतंत्रपणे उपजली. २०२१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या संशोधनाने दाखवले की तिन्ही शाखांच्या विषात वेदना वाढवणारी जवळपास सारखीच जोडणी झाली आहे. डोळ्यात गेल्याबरोबर असह्य आग होते. शिकार मारण्यासाठी तिचा उपयोग नाही. शत्रूला लांबूनच परतवण्यासाठी आहे. दोन पायांवर चालणाऱ्या, हातात दगड-काठी घेणाऱ्या आपल्या पूर्वजांमुळे ही युक्ती टिकली असावी, असा तर्क त्याच संशोधकांनी मांडला आहे. तो तर्कच आहे, पण विचार करायला लावणारा. फणा, फुत्कार, पिचकारी, मेल्याचे सोंग हे सगळे एकाच इच्छेचे निरनिराळे आविष्कार: जवळ येऊ नका. आपल्या महाराष्ट्रातल्या नागाला विष थुंकता येत नाही. त्याच्या फुत्काराने डोळे जातात, ही समजूत निराधार आहे.

या जातींचा हिशेब एवढ्या काटेकोरपणे कशासाठी ठेवायचा, असे वाचक विचारील. त्याचे उत्तर दवाखान्यात आहे.

विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या भागात आशियातले जवळजवळ सगळे नाग 'नाजा नाजा' या एकाच नावाखाली, फार तर उपजाती म्हणून, नोंदले जात. वुल्फगांग वुस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० आणि १९९० च्या दशकांत खवले, रंगखुणा आणि पुढे जनुके तपासून त्यांच्या वेगवेगळ्या जाती सिद्ध केल्या. फण्यापाशी थांबण्याची चूक एकट्या गावकऱ्याची नाही, शास्त्रज्ञांचीही होती, हे यातून दिसते. तिचा वैद्यकातला अवतार त्याहून जुना आहे. अल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टरने सायगावमध्ये असताना नागाच्या विषावर काम सुरू केले आणि १८९५ च्या सुमारास घोड्याच्या रक्तापासून पहिले प्रतिविष तयार केले. ही फार मोठी मजल होती. पण नागाच्या विषावर चालणारे हे औषध सगळ्याच सापांवर चालेल, असा त्याचा विश्वास होता. तो टिकला नाही. ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझील यांनी आणि मुंबईत काम केलेल्या जॉर्ज लॅम्ब यांनी दाखवून दिले की ज्या सापाचे विष, त्याच सापाचे प्रतिविष लागते.

आज भारतात मिळणारे प्रतिविष चार सापांच्या विषांपासून एकत्र बनते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. त्यासाठीचे विष मोठ्या प्रमाणावर तमिळनाडूतल्या इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. साप पकडण्याचे इरुळांचे पिढीजात कसब १९७८ पासून या संस्थेने औषधाच्या कामी लावले, आणि त्या समाजातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. अडचण अशी की नागाचे विष सगळीकडे सारखे नसते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने देशाच्या वेगवेगळ्या भागांतली विषे तपासली, तेव्हा काही ठिकाणच्या सापांवर, विशेषतः ईशान्येकडच्या एककड्याच्या नागावर, हे औषध कमी पडते असे दिसले. नाजा नाजाचा जनुकसंच २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात विषाशी संबंधित १३९ जनुके मिळाली. त्यांतली १९ फक्त विषग्रंथीतच काम करतात. नेमक्या या घटकांवर बेतलेले औषध पुढे बनू शकते. एका जातीला दुसरीपासून वेगळे काढणे म्हणजे संग्रहालयातली चिठ्ठी बदलणे नव्हे, कुणाच्या तरी शिरेत जाणाऱ्या औषधाचा तो प्रश्न आहे.

नागाच्या विषाचे काम समजून घेतले तर लक्षणेही समजतात. मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनामार्फत. नागाचे विष स्नायूवरच्या त्या रसायनाच्या जागा अडवून बसते. हुकूम सुटतो, पण पोचत नाही. आधी पापण्या जड होतात, मग बोलणे अडखळते, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. पापण्या मिटू लागल्या की घरचे म्हणतात, 'झोपू देऊ नका.' ती झोप नसते, तो लकवा असतो. वेळेवर प्रतिविष आणि श्वासाला यंत्राची मदत मिळाली तर माणूस पूर्ण बरा होतो. नागदंशात निओस्टिग्मीन हे साधे औषधही उपयोगी पडते, कारण विषाने अडवलेल्या जागी ॲसिटिलकोलीनचे प्रमाण ते वाढवते. मण्यारीचे विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करते, त्यामुळे तिथे त्याचा भरवसा धरता येत नाही. नागाच्या विषात पेशी मारणारे घटकही असतात, म्हणून दंशाची जागा सुजते, काळी पडते, कधी मांस सडते. खुद्द नाग आणि मुंगूस मात्र या विषाला दाद देत नाहीत, कारण त्यांच्या स्नायूंवरच्या त्या जागांची ठेवणच अशी बदललेली आहे की विष तिथे नीट बसत नाही.

२०२० मध्ये 'ईलाइफ' नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावल्याचा अंदाज मांडला, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतले निम्म्याहून अधिक मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, आणि चौथ्या हिश्श्याहून अधिक पंधरा वर्षांखालच्या मुलांचे. हे सगळे नागाने घेतलेले बळी नव्हेत. घोणस आणि मण्यारीचा वाटा मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले, आणि केंद्र सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ध्येय ठेवले.

पावसाळ्यातच हे का घडते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. बिळात पाणी शिरते, उंदीर-बेडूक वाढतात, माणूस गुडघाभर गवतात हात घालतो. नागाची मादी उन्हाळ्यात, पाऊस सुरू होईपर्यंत, अंडी घालते आणि साधारण दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात. वीतभर लांबीची ही पिल्ले पहिल्या दिवसापासून विषारी असतात. म्हणजे श्रावणात शेताच्या बांधावर नागाची पिल्ले असणे स्वाभाविकच आहे. नागपंचमीच्या कहाणीत शेतकऱ्याच्या नांगराने नागिणीची पिल्ले मारली जातात, आणि त्या दिवशी नांगरू नये, खणू नये, चिरू-कापू नये असा रिवाज आहे. रिवाज सुरू करणाऱ्यांच्या मनात नेमके काय होते यावर पैज लावण्यात अर्थ नाही. पण ज्या समाजाने ही कहाणी सांगितली, त्याला नाग केव्हा आणि कुठे भेटतो हे ठाऊक होते, एवढे नक्की.

त्याच परंपरेत दुधाची वाटीही आहे आणि पुंगीही. नाग दूध पीत नाही. गारुड्याच्या टोपलीत दिवसचे दिवस तहानलेला ठेवलेला, दात उपटलेला नाग समोर येईल ते पितो आणि पुढे बहुधा मरतो. पुंगीच्या सुरावर तो डोलत नाही, हलत्या पुंगीच्या टोकावर नजर ठेवतो. तो डूख धरत नाही, त्याच्या डोक्यात मणी नसतो. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला जिवंत नागांची पूजा होत असे. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती थांबली, आणि त्यावरचा वाद अजून शमलेला नाही. श्रद्धेची टिंगल करणे हे या पुस्तकाचे काम नाही. ज्या प्राण्याला देव मानायचे त्याला जगू द्यायचे, एवढीच अपेक्षा ते ठेवते. ती गारुड्याकडून जितकी आहे, तितकीच कॅमेऱ्यासमोर नागाची शेपटी धरून त्याला पुनःपुन्हा फणा काढायला लावणाऱ्या हौशी सर्पमित्राकडूनही आहे. दोघेही एका भेदरलेल्या प्राण्याचा खेळच करतात.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. आधी फण्याची रचना आणि वागणूक, मग भारतातले नाग, नागराज, आफ्रिका आणि आग्नेय आशिया, त्यानंतर विष आणि उपचार, आणि शेवटी माणसाच्या मनातला नाग. वाचक कुठूनही सुरुवात करू शकतो. मात्र शेतावर राहणाऱ्याने उपचारांचे प्रकरण आधी वाचावे. त्याचा सारांश थोडक्यात असा: दंश झालेल्याला धीर द्या, अंगठ्या-बांगड्या काढा, हात किंवा पाय हलू देऊ नका, जखम कापू नका, आवळून दोरी बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, प्रतिविष असलेल्या रुग्णालयात पोचा. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात.

बहुतेक नागदंश फणा काढून उभ्या असलेल्या नागाकडून होत नाहीत. अंधारात पाय पडलेल्या, गवताच्या भाऱ्याखाली हात लागलेल्या, लाकडांच्या ढिगात दचकलेल्या नागाकडून होतात, म्हणजे ज्याला फणा काढायला वेळच मिळाला नाही त्याच्याकडून. ज्याने फणा काढला आहे त्याने तुम्हाला दोन पावले मागे जायची संधी दिलेली असते. ती घ्यावी. आणि ज्याचा फणा दिसत नाही त्याच्यासाठी रात्री हातात बॅटरी, पायात बूट आणि घराभोवती उंदीर होऊ न देणारी स्वच्छता, एवढे पुष्कळ आहे.